गणकयंत्राची स्मृति

आकडेमोड करणाऱ्याला स्मरणशक्ति कशाला लागते, असा प्रश्न प्रथमदर्शनीं अगदीं योग्य वाटतो. कालची बेरीज आठवण्याचें मुनिमाला कांहीं कारण नाहीं. पण त्याची वही आणि दौत काढून घेतली, म्हणजे त्याचें शहाणपण किती उरतें तें तेव्हांच कळतें. हातचा एक कोठें ठेवावयाचा, हाच पहिला पेंच! गणकयंत्राची अवस्था याहून बिकट. प्रोसेसर नांवाचा जो त्याचा गणिती भाग, त्याजवळ स्वतःचे म्हणून मूठभर आकडे काय ते राहतात. शिवाय पुढें कोणतें काम करावयाचें, हेंही त्याला दर पावलाला सांगावें लागतें.

१९४६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या ‘एनियाक’ यंत्रानें ही अडचण ठसठशीतपणें दाखविली. सुमारें १८,००० निर्वात नळ्यांचें तें अवाढव्य यंत्र सेकंदांत ५,००० बेरजा करी. परंतु चालू हिशेबांतील अवघ्या २० संख्या त्याच्या ध्यानांत राहत. कामाचा क्रम तर तारा जोडून व खटके फिरवून बसवावा लागे. एक प्रश्न सुटला कीं दुसऱ्यासाठीं पुन्हा सगळी जुळणी, आणि तींत कित्येक दिवस जात. हें किचकट काम ज्या तरुण स्त्रियांनीं केलें, त्यांचीं नांवें पुष्कळ वर्षें कोणी घेतलीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

उपाय असा निघाला, कीं आकडे आणि आज्ञा दोन्ही एकाच स्मृतींत ठेवावयाच्या व यंत्रानें त्या आपल्या वेगानें उचलावयाच्या. विचार सोपा, पण विजेच्या वेगानें लिहितां-वाचतां येईल अशी पाटी आणावयाची कोठून? इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांनीं ती रडारच्या पडद्यासारख्या काचेच्या नळींत शोधली. इलेक्ट्रॉनांचा झोत आंतील लेपावर पडला, कीं तेथें विजेचा सूक्ष्म भार राहतो. एका तऱ्हेचा ठिपका म्हणजे शून्य, दुसऱ्या तऱ्हेचा म्हणजे एक. मात्र हा भार क्षणाच्या अंशांत विरून जातो. तापलेल्या फरशीवर मूल ओल्या बोटानें अक्षर काढतें आणि पाहतां पाहतां तें वाळतें, तसाच प्रकार. तोडही त्या मुलाच्याच हातची: वाळण्यापूर्वीं पुन्हा गिरवावें. यंत्र आपले ठिपके एकसारखें वाची आणि वाचल्याबरोबर गिरवी.

२१ जून १९४८ रोजीं या स्मृतीवर पहिली आज्ञावली चालली. जागा केवढी? ३२ ओळी, ओळींत ३२ ठिपके, एकूण १,०२४. आज्ञा १७. २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक काढावयाचा होता. शाळकरी मुलगा निम्मे करून १,३१,०७२ सांगेल. यंत्रानें एकेक संख्या घालून पाहत ५२ मिनिटें घेतलीं. त्या उत्तराची मातबरी कोणालाच नव्हती. तेवढा वेळ पाटी पुसली जात नाहीं ना, हेंच पाहावयाचें होतें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या ‘टिफ्रॅक’ यंत्रांत चुंबकीय कड्यांची स्मृति होती. ४० अंकांचे २,०४८ शब्द तींत मावत. वीज गेली तरी चुंबक विसरत नाहीं. आजच्या मुख्य स्मृतीला मात्र तो गुण नाहीं. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ सालीं सुचलेल्या युक्तीप्रमाणें एक ट्रान्झिस्टर व एक इवलासा कपॅसिटर मिळून एक अंक धरतात, आणि कपॅसिटर गळका असतो! म्हणून सामान्यतः ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत प्रत्येक घर पुन्हा गिरवावें लागतें. वीज जातांच न साठविलेलें पत्र नाहींसें होतें तें यामुळें.

एवढ्यानेंही प्रोसेसरचें भागत नाहीं. सेकंदाला ३०० कोटी ठोके मोजणाऱ्या प्रोसेसरला मुख्य स्मृतींतून एक आकडा आणवावयाचा, तर शेंदोनशें ठोके सहज फुकट जातात. फोडणी देतांना सुगरण हिंग-मोहरी हाताशीं असलेल्या मिसळणाच्या डब्यांतून घेते. कोठीच्या खोलीपर्यंत जाऊन आली तर तेल जळेल. प्रोसेसरशेजारीं असाच एक लहान, शीघ्र आणि महाग डबा असतो; त्याला ‘कॅश’ म्हणतात. नुकतें जें लागलें तें, आणि त्याच्या शेजारचें, पुन्हा लागेल या अंदाजानें तो भरलेला असतो. अंदाज बहुधा खरा ठरतो. चुकला, कीं एवढा चपळ प्रोसेसर कोठीच्या दाराशीं ताटकळत उभा!