नोंदींची दुसरी प्रत



२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. परळ, हिंदमाता येथील तळमजल्यांना भय पाण्याचे. संगणकातील नोंदींची दुसरी प्रत इमारतीबाहेर असणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यासाठी चुंबकीय फीत आजही उपयोगी पडते. आठव्या पिढीच्या एका एलटीओ फितीवर १२ टेराबाइट माहिती मावते.

जोडणीत घाई नको. सर्व्हर रीतसर बंद करावा. बाह्य टेप ड्राइव्हची सॅस केबल सर्व्हरमधील साध्या सॅस कार्डाला जोडावी, डिस्कचा कारभार पाहणाऱ्या रेड कंट्रोलरला नव्हे. बहुतेक रेड कंट्रोलर टेप ओळखतच नाहीत. येथेच पुष्कळांचा दिवस वाया जातो! प्रथम ड्राइव्ह सुरू करावा, तो सज्ज झाल्यावर सर्व्हर. कारण सुरू होतानाच सर्व्हर जोडलेली उपकरणे शोधतो. मग ड्रायव्हर बसवावा.

पहिली फीत भरली की तिच्यावरील एखादी फाइल परत उतरवून, उघडून पाहावी. गिरगावच्या कचेरीतील फीत सर्व्हरशेजारच्या कपाटातच राहिली, तर आगीत दोन्ही प्रती जातील. तारीख लिहून ती दादरच्या एखाद्या कचेरीत, वरच्या मजल्यावर, कोरड्या जागी पाठवावी.