नट आणि लमाण

जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या सडकेवर मंठा हे तालुक्याचे गाव लागते. त्याच्या आसमंतात जे तांडे वसलेले आहेत, तेथील वृद्धांस ‘लमाण’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलखामागून मुलूख तुडवावा, मोहिमेवर निघालेल्या फौजांस रसद पोहोचवावी, हा त्यांच्या पूर्वजांचा पिढीजात व्यवसाय. 1900 च्या सुमारास परतूर-जालन्यावरून आगगाडी धावू लागली, आणि अगोदरच उतरणीस लागलेली ही वाहतूक बसली. बैल गेले, नाव तेवढे उरले.

तेच नाव एका नटाने आपल्या आत्मचरित्रास द्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. डॉ. श्रीराम लागू यांचे ‘लमाण’ 2004 साली प्रसिद्ध झाले. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोहोचविणारा तो नट, अशी त्या नावामागील भावना. जो धंदा टाळ्या आणि हार यांवर पोसला जातो, त्यातील एका अग्रगण्य पुरुषाने स्वतःस वाहतूकदार म्हणवून घ्यावे, हे आपल्याकडील नटांच्या आठवणींत विरळाच आढळते.

लागूंचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 चा, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यास झाले. कान, नाक व घसा यांचे ते शस्त्रवैद्य झाले. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये हौशी नट म्हणून ते 1951 पासून वावरत होते. कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ त्यांनी तेथेच गाजविले. पुढे वैद्यकी करण्यासाठी ते आफ्रिकेत टांझानियातील टाबोरा येथे राहिले. हातात विद्या, पदरी प्रतिष्ठा, घरी स्वस्थता. असे सर्व असताना 1969 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून रंगभूमी हाच आपला चरितार्थ केला. मराठी नाटकावर पोट भरणे त्या काळी किती बेभरवशाचे होते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या उडीची खोली सांगावयास नको.

पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. कुसुमाग्रजांची लेखणी, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, दि गोवा हिंदु असोसिएशनची निर्मिती आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. गणपतराव बेलवलकर ही भूमिका नटाच्या देहाकडून जबर किंमत वसूल करते. परंतु ज्या कारणास्तव तिचे येथे स्मरण करावयाचे, ते वेगळे. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही पुढे ती केली. प्रत्येकाचा गणपतराव निराळा झाला. म्हणजे माल एकच, पण वाहणारा बदलला की त्याचा वास बदलला. लागूंच्या उपमेतील विनय येथे थोडा उघडा पडतो.

शिवाय खरा लमाण केवळ ओझ्याचा धनी नव्हता. कोणत्या पेठेत काय घ्यावे, कोणती वाट धरावी, घाटात कोठे मुक्काम करावा, हे तोच ठरवी, जोखीमही त्याचीच. 1970 साली विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ लागूंनी बसविले, तेव्हा परीक्षण मंडळाने लुगड्यावरील रक्ताच्या तांबड्या डागास हरकत घेतली. लागूंनी डाग निळा केला, आणि तो तांबडाच समजावा अशी विनंती प्रयोगापूर्वी प्रेक्षकांस करण्यात येऊ लागली. आज्ञाही पाळली गेली आणि मालही शाबूत पोहोचला! नुसत्या हमालाला ही युक्ती सुचावयाची नाही.

सहनटांचा विषय निघाला की निळू फुले यांच्यापाशी थांबावेच लागते. एक विदेशात शिकून आलेला शस्त्रवैद्य. दुसरा पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला सेवादलाचा कार्यकर्ता. ‘पिंजरा’ या 1972 च्या बोलपटानंतर जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये ही जोडी समोरासमोर उभी राहिली. साखर कारखान्याचा सर्वसत्ताधीश हिंदुराव आणि भटकत आलेला, मद्यपी झालेला मास्तर. मास्तर एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो, आणि हिंदुरावाचा दरारा हळूहळू भेगाळू लागतो. कोणीही दुसऱ्यावर मात करू पाहत नाही; एक बोलतो तेव्हा दुसरा खरोखर ऐकतो. अभिनयातील ही सर्वांत दुर्मिळ गोष्ट होय. हा बोलपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. मंठ्याच्या परिसरातील तांड्यांवरून दिवाळीच्या मागेपुढे कोयता घेऊन ऊसतोडीस जी कुटुंबे निघतात, त्यांच्या श्रमांवर चालणाऱ्या जगाचीच ती गोष्ट आहे, ही आठवण बर्लिनच्या वर्णनात सहसा कोणी देत नाही.

रिचर्ड ॲटनबरो हे स्वतः इंग्रजी रंगभूमीवर व पडद्यावर मुरलेले नट. त्यांच्या 1982 च्या ‘गांधी’ बोलपटात बेन किंग्जले यांच्या गांधींस देश समजून घेण्याचा सल्ला देणारे गोखले लागूंनी उभे केले. भूमिका छोटी, पण शब्द तोलून टाकण्याची त्यांची सवय तेथेही सुटली नाही. हिंदी चित्रपटांतून त्यांनी पुष्कळ कामे केली. ‘घरौंदा’सारखी काही सोडल्यास त्यांतील बहुतेकांविषयी फारसे बोलावयास नको.

नाव झाल्यावर त्याचा उपयोग काय, याचेही उत्तर त्यांनी आपल्या रीतीने दिले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस मानधन मिळावे म्हणून, अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ घेऊन निळू फुले प्रभृती सोबत्यांसह ते महाराष्ट्रभर हिंडले. पन्नाशी उलटलेले नावाजलेले नट, आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी, तांडाच तो.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ‘सूर्य पाहिलेला माणूस’ हे मकरंद साठे यांचे नाटक अंगावर घेतले. अतुल पेठे दिग्दर्शक होते. सॉक्रेटिसाची ती लांबलचक, युक्तिवादाने भरलेली स्वगते पाठ करणे तरुण नटासही धाप लावील असे काम. ते ओझे त्या वयात त्यांनी मागून घेतले. 17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात, ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.