वेग कोठे अडला?



इयत्ता तिसरीतील एखादा मुलगा वजाबाकीची दहा उदाहरणे सोडवितो आणि त्यांतील सात चुकतो. उतावळा शिक्षक सात फुल्या मारून ‘मुलगा गणितात मंद आहे’ असा शेरा देतो. जाणता शिक्षक मात्र प्रथम बिनहातच्याची वजाबाकी देऊन पाहतो, मग हातच्याची, मग मध्ये शून्य असलेल्या संख्येची. तिसऱ्या पायरीवर मुलगा अडखळतो आणि दोष सापडतो. मुलगा मंद नसतो. शून्याच्या घरी हातचा कोठून आणावा, एवढेच त्याला उमगलेले नसते.

‘मंद’ हाच शेरा आज घरोघरी इंटरनेटलाही मिळतो. प्रशिक्षणाची चित्रफीत मध्येच थांबते. शाळेची माहिती भरताना पडद्यावरचे चक्र फिरत राहते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरील एखादा पाठ रात्री उतरवून ठेवावा म्हटले, तर तो सकाळपर्यंत अर्धाच उतरतो आणि वर्गाला त्याविना राहावे लागते. अशा वेळी कोणी राउटरवर थाप मारतो, कोणी अधिक पैसे भरून मोठी योजना घेतो, कोणी तो नादच सोडून देतो. वेग नेमका कोठे अडला, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

शेतातील वाफ्याला पाणी पोचले नाही, तर शेतकरी एकदम धरणाला दोष देत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाट कोठे फुटला, कोठे तुंबला ते पाहतो. इंटरनेटचाही असाच पाट असतो. कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार येते; ती भिंतीवरील पेटीत शिरते; पेटीतून राउटरमध्ये, राउटरमधून हवेतून मोबाईलमध्ये, असा हा प्रवाह आहे. काही घरी पेटी आणि राउटर एकाच यंत्रात असतात. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे, ते एकेक टप्पा वेगळा काढून ठरविता येते.

यंत्राला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. एकच संकेतस्थळ मंद आहे की सर्व? एकच मोबाईल मंद आहे की घरातील सर्व? एकाच खोलीत की सगळीकडे? संध्याकाळीच की दिवसभर? एकच संकेतस्थळ अडत असेल, तर दोष बहुधा त्या दूरच्या ठिकाणी असतो. एकच मोबाईल अडत असेल, तर राउटरला दोष देण्याचे कारण नाही.

त्यानंतर दिव्यांकडे पाहावे. फायबरच्या पेटीवर ‘एल्. ओ. एस्.’ या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाश पेटीपर्यंत पोचतच नाही, असा त्याचा अर्थ आहे. तारेतील काचतंतू मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा बारीक असतो. तार खिळ्याला अडकून कोनात मुडपली किंवा दाराच्या फटीत चेपली, तरी प्रकाश अडतो. अशी मुडप दिसल्यास ती हलक्या हाताने मोकळी करावी. तंतू तुटला असल्यास तो चिकटपट्टीने सांधत नाही, कारागिरालाच बोलवावे. सुटलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये आणि मुलांना पाहू देऊ नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण तो डोळ्याला अपाय करू शकतो.

दिवे ठीक असतील, तर पेटी व राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे; आधी पेटी सुरू करावी व तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. येथे एक चूक पुष्कळदा घडते. राउटरच्या मागे टाचणीच्या टोकाने दाबावयाचे एक छिद्र असते. ते दाबणे म्हणजे यंत्र बंद करून सुरू करणे नव्हे. त्याने राउटरमध्ये भरलेली सर्व माहिती पुसली जाते आणि जोडणी पूर्ववत होण्यास कारागिराची वाट पाहावी लागते. वीज वारंवार जाते तेथे दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर घाईने लावला जातो. अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा राउटरवर छापलेल्या आकड्याशी जुळतो की नाही, तेही पाहून घ्यावे.

आता मुख्य परीक्षा. संगणक असेल तर तो केबलने थेट राउटरला जोडावा. नसेल तर मोबाईल घेऊन राउटरपासून दोन-तीन पावलांवर, मध्ये भिंत नसेल असे उभे राहावे. वेग तीनदा मोजावा. मग जेथे अडचण येते त्या खोलीत जाऊन पुन्हा तीनदा मोजावा. मोजताना एकक सांभाळावे. योजनेत लिहिलेला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि उतरविलेल्या पाठाचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतील आणि ३०० मेगाबाइटच्या पाठाला निदान १ मिनिट लागेल. ज्याला हा हिशेब ठाऊक नाही, त्याला कंपनीने आठपटीने फसविले असे उगाच वाटते.

समजा, एका शिक्षकाची योजना ४० मेगाबिटची आहे. राउटरपाशी वेग ३८ भरला आणि मागच्या खोलीत अवघा ४. तो १०० मेगाबिटची योजना घेण्याच्या विचारात आहे. ती घेतली तरी मागच्या खोलीत वेग जवळजवळ ४च राहील, कारण पाणी पाटात भरपूर आहे. ते अडते आहे दोन खोल्यांमधील हवेत. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, जाड मातीच्या भिंतीला लागून ठेवला होता, एवढेच कारण असू शकते. तो मधल्या दाराजवळच्या उंच फळीवर ठेवला, तर खर्चाशिवाय काम होईल.

या लहरी कोणत्या, हे शिक्षकाला ठाऊक असावे. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात मिलिमीटरांत मोजावयाच्या विद्युत्‌लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली. वाय-फायच्या लहरी त्याच कुळातील, पण अधिक लांब आहेत. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ती भिंती ओलांडून दूर जाते, पण तिचा वेग बेताचा. ५ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेपाच-सहा सेंटिमीटरची. ती वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून त्याच खोलीत ५ आणि दूरच्या खोलीत २.४ वापरावे. धातू लहरींना परतवितो, पाणी त्यांना शोषून घेते. शेजारी दाट असतील, तर २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ यांपैकी जो मार्ग मोकळा असेल तो निवडावा. हे तीन एकमेकांवर येत नाहीत. जेथे फायबर नाही आणि सिमकार्डाचा राउटर आहे, तेथे तो मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा.

राउटरपाशीही वेग कमी भरला, तर घरातील इतर सर्व यंत्रे थोडा वेळ जोडणीतून काढून पुन्हा मोजावा. एखादा मोबाईल गुपचूप शेकडो छायाचित्रे वर पाठवीत असतो. आळीभर वाटलेला पासवर्डही पाणी पळवितो. तो बदलावा. तरीही वेग न वाढल्यास पहाटे व रात्री मोजून तक्रार करावी. दोन दिवसांच्या नोंदी हाती असलेल्या ग्राहकाला ‘राउटर बंद करून पाहा’ एवढेच सांगून वाटेस लावणे कठीण जाते.

या साऱ्या खटाटोपात एक नियम मोडू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत तारीख, वेळ, जागा व आकडा लिहावा. राउटर हलविला, मार्ग बदलला आणि पासवर्डही बदलला, तर वेग वाढेल. पण कशाने वाढला ते कळणार नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

शाळेत राउटर असेल, तर हे काम सातवीच्या मुलांना करू द्यावे. त्यांनी शाळेचा नकाशा काढावा, खोलीखोलीतला वेग मोजून त्यात भरावा आणि राउटरची योग्य जागा स्वतः सुचवावी. मोजणे, सरासरी, नकाशा आणि विज्ञान यांचा तो एकच पाठ होईल. मग वजाबाकी चुकलेल्या लहान भावाची पाटी हाती आली, की त्यांतलाच एखादा मुलगा फुली मारण्याआधी विचारील, “तू नेमका कोठे अडलास?”