नाताळचा महिना आणि आमची धावपळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला वर्धापनदिनी चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, बाई, मी सातवी शिकलेली, भाषण कुठून करणार? तर त्या म्हणाल्या, "डिसेंबरात तुमचे घर एक तर पाहुण्यांनी भरलेले असते, नाही तर दाराला कुलूप असते. असे का, तेवढेच सांगा." तेव्हा तेवढेच सांगते. गल्लीतल्या बायकांना ठाऊक असलेलेच पुष्कळ त्यात येईल, ते गोड मानून घ्यावे.

आपल्याला वाटते नाताळ म्हणजे पंचवीस तारीख. आमच्याकडे त्याची सुरुवात नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून होते. देवळाची झाडलोट, चुन्याचा हात, पडदे धुणे, पेटी दुरुस्तीला पाठविणे, पोरांची नाटुकली बसविणे आणि रात्री घरोघर गाणी म्हणत फिरणे. आमची मंडळी लहान. पूर्वी या कामांना पुरुष पुढे असत. आता अर्धी घरे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, आणि राहतो आम्ही बायका, म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. चुना मीच कालवते. शिडीवर आमच्या पाळकबाई चढतात. झांज आणि ढोलकी आठवीतली मुले वाजवतात, आणि ताल सुटला तरी कोणी काही म्हणत नाही.

त्यात पाहुणे. माझ्या दोन नणंदा माहेरी येतात, एक पुण्याहून आणि एक श्रीरामपूरकडून. धाकटे मामेसासरे नगराहून येतात. नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे. पोरेबाळे धरून यंदा चौदा माणसे झोपायला होती. घर तीन खोल्यांचे. वाकळा कमी पडल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी न मागता चार आणून टाकल्या, ते येथे सांगितलेच पाहिजे. भाकरीचे म्हणाल तर शाळूचे पीठ दोनदा दळून आणले. हुरड्याचे दिवस, त्यामुळे पाहुण्यांना शेतावर नेणे हेही एक कामच असते. आमच्या पुण्याच्या नणंदबाई हुरडा खायला येतात की देवळात यायला, हे अजून मला कळलेले नाही. त्या येथेच बसल्या आहेत, त्यांनी रागावू नये.

येणे-जाणे मात्र आता सोपे झाले. २०२२ च्या सप्टेंबरात नगर ते आष्टी ही सहासष्ट किलोमीटरची आगगाडी सुरू झाली आणि २०२५ च्या सतरा सप्टेंबरला ती बीडपर्यंत गेली. मामेसासरे हातात पिशवी घेऊन गाडीने आले आणि उतरल्याबरोबर म्हणाले, "तुझ्या आजेसासूने हे पाहायला पाहिजे होते."

त्यांचे म्हणणे खरे आहे. आमच्या आजेसासूबाईंच्या काळी नगर आणि आष्टी म्हणजे दोन राज्ये होती. तिकडे इंग्रजांचे राज्य, इकडे निजामाचे. मध्ये करोडगिरीचा नाका. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली रुपया. नगरास मिशनची माणसे १८३१ पासून होती. अमेरिकन मराठी मिशन असे तिचे नाव. तिच्याच लोकांनी १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढला. शाळा काढल्या, मुलींच्याही काढल्या. नगरच्या बाजूने बैलगाडीने माणसे गावोगाव जात. त्यांत बायकाही असत, त्यांना बायबलबाई म्हणत. साहेब आणि मडम यांचे फोटो पुस्तकांत छापून आले. बायबलबाया चार-चार कोस पायी चालल्या, त्यांचे फोटो मात्र कोठेच दिसत नाहीत. त्या बायकांच्या घरात जात, चुलीपाशी बसत, दुखणेबाणे विचारीत, जमले तर अक्षरे शिकवीत. पुरुष उपदेशकाला जेथे ओसरीच्या आत पाऊल टाकता येत नसे तेथे ही बाई माजघरात जाऊन बसे.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्या बाईने किती ओढाताण काढली ते 'स्मृतिचित्रे' वाचले म्हणजे कळते. त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. जोडाक्षरांशी त्यांचे कधी धड जमले नाही असे सांगतात, आणि तरी असे पुस्तक लिहिले! आपल्या मंडळाच्या कपाटात त्याची एक प्रत आहे, पण ती गेली दोन वर्षे कोणाच्या तरी घरी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावी.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्या मुलींनी भरले. मिशनची यात्रा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे हीच येते. माणूस जेथे अडचणीत आहे तेथे जाणे आणि जमेल तर त्याला बरोबर घेऊन येणे.

आता आमच्या यात्रेचे सांगते. ती काही एवढी मोठी नव्हे.

आमची जी माणसे ऊसतोडीला जातात, त्यांना नाताळ कोठला? कारखाना नाताळला बंद राहत नाही. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल दोघांच्या नावाने घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटे तीन-चारला उठायचे, भाकरी बांधायची, फडात जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर चौतीस टक्के वाढला हे चांगलेच झाले. पण दर वाढला म्हणून मोळी हलकी होत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई देवळातच बोलल्या, "आपण येथे दिवे लावतो आणि ज्यांची लेकरे येथे बाप्तिस्मा घेतात ती माणसे कोपीत अंधारात." त्या वर्षापासून आम्ही नाताळच्या दुसऱ्या दिवशी फडावर जातो. पैसे मुठीच्या धान्यातून उभे राहतात. स्वयंपाकाला पीठ घेताना एक मूठ बाजूला टाकायची, महिन्याने ते धान्य विकायचे. यंदा त्यात हंगामाच्या सणाच्या लिलावाची रक्कम घातली. कोणी शेंगा आणल्या होत्या, कोणी अंडी, कोणी कोंबडा. तो एक कोंबडा तीनदा विकला गेला, कारण घेणारा पुन्हा देवाला अर्पण करी!

यंदा भाड्याची क्रूझर केली. पाळकसाहेब, पाळकबाई, आम्ही सहा बायका आणि दोन पोरे. बरोबर करंज्यांचे तीन डबे, जुनी पण स्वच्छ धुतलेली पांघरुणे आणि खोकल्या-तापाची औषधे. कारखान्याचे नाव सांगत नाही. कॅनॉलच्या कडेला शंभरावर कोप्या होत्या. दिवसा गेले तर कोणी भेटत नाही, म्हणून आम्ही दिवेलागणीला पोचलो. बैल वाढे खात होते, चुली नुकत्याच पेटल्या होत्या.

मुकादम पहिल्यांदा बिचकला. कोण माणसे, कशाला आली, काय वाटायचे आहे, असे विचारू लागला. अलीकडे अशी शंका लोकांना लवकर येते, त्याला मी नावे ठेवीत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "दादा, या चार कोप्या आमच्या घरच्या आहेत. सण त्यांच्यापर्यंत पोचवायला आलो. करंजी सगळ्यांना आहे, प्रार्थनेला ज्याला बसायचे तो बसेल." मुकादमाने थोडा विचार केला आणि ट्रॅक्टर फिरवून त्याचा दिवा आमच्याकडे लावून दिला. त्याच उजेडात उपासना झाली. पाटोदा, शिरूरकडच्या बायका लेकरे घेऊन कडेला येऊन बसल्या. त्यांतल्या एकीने नंतर तिच्या देवाचे गाणे म्हटले. आम्ही ऐकले. नाताळ असाच झाला.

माझे धाकटे दीर आणि जाऊ तेथेच आहेत. मी मुख्य गेले होते ती जावेसाठी. तिला पाहून माझ्या पोटात गोळा आला. वय बत्तीस, आणि उठताना कमरेला हात. रात्री कोपीत आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने सांगितले की पोटात सारखे दुखते, अंगावरून जाते. "अक्का, सगळ्या म्हणतात पिशवी काढून टाक, कटकट जाईल. हंगाम संपला की काढते." आणि दुसरे असे की, "पोरीला आता इकडेच धाडा. पाणी आणील, धाकट्याला सांभाळील. माझ्याने होत नाही."

ती पोरगी म्हणजे माझी पुतणी. हंगामात आमच्याकडे राहते. सातवीत आहे.

भगिनींनो, आपल्या जिल्ह्याचे नाव या पिशवीच्या गोष्टीवरून देशभर झाले हे आपल्याला ठाऊक आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत तेरा हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागे एक. त्याच वर्षी असे ठरले की आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्याने हे ऑपरेशन करण्यापूर्वी सरकारी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी. हे मला आपल्या मंडळात आशाताई बोलल्या तेव्हा कळले. ते मी जावेला त्या कोपीत बसून सांगितले. म्हटले, पिशवी गेल्याने कंबर बरी होत नाही, उलट तरुणपणीच हाडे ठिसूळ होतात असे डॉक्टर सांगतात. पट्टा पडला की आधी माझ्याबरोबर बीडच्या सरकारी दवाखान्यात ये, मग काय ते बघू. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आणि पोरीचे?"

पोरीचे अवघड होते. जाऊ खोटे बोलत नव्हती, तिला खरेच मदत पाहिजे होती. दीर म्हणाले, "शाळा काय, पुढच्या वर्षी बसेल." पुढच्या वर्षी कोण बसते? मी सातवीतून निघाले तेव्हा माझ्या वडिलांनीही हेच म्हटले होते. मी दिरांना सांगितले, पोरगी देत नाही. धाकट्याला घेऊन जाते. अडीच वर्षांचे लेकरू. आमच्या घरच्यांना विचारलेले नव्हते, पण विचारायला वेळही नव्हता. पहाटे तीनला ती दोघे फडात जायची होती. जावेने पोराला जागे न करता माझ्या मांडीवर ठेवले आणि कोयता उचलला.

परत येताना क्रूझरमध्ये ते लेकरू नगरपर्यंत रडले आणि मग पाळकबाईंच्या पदराशी खेळत बसले. घरी आमचे हे दारात उभे. पांघरुणातले पोर पाहून एवढेच म्हणाले, "म्हणजे पंधरावे माणूस." जानेवारीभर पाहुणे गेल्यावरही माझे दार उघडे का होते, ते आता चिटणीसबाईंना कळले असेल.

मार्चात पट्टा पडला. जाऊ आली. आम्ही दोघी आगगाडीनेच बीडला गेलो. तपासणी झाली, रक्त फार कमी निघाले, सूज होती. औषधगोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले. ऑपरेशनचे डॉक्टरांनी काढलेही नाही. दुखणे पुष्कळ कमी आहे, पूर्ण गेलेले नाही. पुतणीने वार्षिक परीक्षा दिली. आठवीचे काय ते दसऱ्यापर्यंत ठरेल. २०२१ पासून सरकारची संत भगवानबाबा वसतिगृह योजना ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी आहे. तेथे जागा मिळते का याची चौकशी चालू आहे, आणि न मिळाली तर आमचे घर आहेच.

नाताळात फडावर नेलेल्या करंज्यांपैकी दोन डबे या मंडळातल्या बायकांनी आमच्या ओट्यावर बसून लाटल्या होत्या, त्यात कोण कोण होत्या ते त्यांना माहीत आहे. पुढच्या नाताळात क्रूझरमध्ये दोन जागा मोकळ्या ठेवीन. रात्र तेथे काढावी लागते आणि थंडी फार असते, तेव्हा जिला यायचे तिने स्वेटर आणि आपली चादर बरोबर घ्यावी. नावे माझ्याकडे दिवाळीच्या आत द्यावीत.