‘सोड’ म्हणताच सोडावे म्हणून

रायपूरहून बिलासपूरकडे निघाले की भनपुरी ही कारखान्यांची वस्ती लागते. धानाच्या या मुलखात बारदानाच्या तुकड्यांना तोटा नाही, आणि कुत्र्याच्या पिलाला खेळावयास त्याहून सरस वस्तू दुसरी नसावी. पिलू एक टोक धरते, घरातले मूल दुसरे ओढते. पाहणाऱ्यास मौज वाटते. मात्र खेळ आवरता घेण्याची वेळ आली, की पिलू बारदान सोडीत नाही, आणि ओढाताणीत मुलाचे बोट दाताखाली येते.

अशा वेळी आपण दरडावतो, जबडा उघडून वस्तू हिसकावून घेतो. कुत्रा यातून एवढेच शिकतो, की माणसाचा हात जवळ आला म्हणजे आपली वस्तू गेली. पुढच्या वेळी तो ती अधिक घट्ट धरतो, घेऊन पळतो, प्रसंगी गुरगुरतो. गुरगुरणे ही त्याची तक्रार असते. ती मारून बंद पाडली, तर चावा पूर्वसूचनेवाचून येण्याचा संभव असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली प्राण्यांच्या शिक्षणावर एक सुबोध लेख लिहिला होता. ज्या कृतीमागोमाग तत्काळ लाभ होतो ती कृती रुजते, हे त्यातील मर्म. ते आपल्या बारदानास लावून पाहू. ओढणे थांबवावे व हात अंगाशी स्थिर धरावा. निश्चल चिंधीत पिलाची गोडी कमी होते. मग त्याच्या नाकाशी भाकरीचा तुकडा न्यावा. तोंड उघडताक्षणी ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा, आणि बारदान लगेच परत द्यावे. हे परत देणेच बहुतेक जण विसरतात! वास्तविक खेळ पुन्हा सुरू होणे हे पिलाला भाकरीहूनही मोठे बक्षीस वाटते. पुष्कळदा वस्तू परत मिळाली, की एखादे वेळी ती कायमची देणे त्याला जड जात नाही. शब्द मात्र घरात एकच असावा. आई ‘सोड’ म्हणते आणि मुले ‘छोड’, असे छत्तीसगडातील मराठी घरांत सहज घडते, व बिचारे पिलू गोंधळते.

स्फोटके हुंगणाऱ्या पोलिसी कुत्र्यांनाही पुष्कळदा मजुरी म्हणून चेंडूच मिळतो. १९९३ साली मुंबईत नाव कमावलेल्या ‘झंजीर’च्या या पेशात तो चेंडू मुकाट्याने परत देणेही कामाचाच भाग, नाहीतर पुढचा शोध खोळंबायचा.

जो कुत्रा आधीच अन्नावर वा खेळण्यावर गुरगुरतो, त्याच्याशी हा प्रयोग मुलांना करू देऊ नये. तो जाणत्या माणसाने, पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. घशात सहज जाईल असा लहान चेंडूही खेळावयास देऊ नये. आणि दात लागून रक्त आलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठावा.