पाण्याची गाडी आणि आपला नळ
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मंडळाने मला पाणी या विषयावर बोलायला सांगितले. मी रेल्वेतला डिप्लोमा झालेला साधा इंजिनिअर. मोठे तत्त्वज्ञान मला जमायचे नाही, पण हिशेब मांडता येतो. म्हणून आज रेल्वेची, आणि आपल्या मराठी मुलखाचीही, एक गोष्ट घेऊन आलो आहे.

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यायचे ठरले. त्या गाडीचे नाव ‘जलदूत’.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट यात आहे. या गाडीच्या टाकी-वाघिणी आपल्या पश्चिम मध्य रेल्वेच्या कोटा कारखान्यात वाफेने धुऊन पाठवल्या होत्या. भिटोनीला तेला-गॅसच्या वाघिणी आपण नेहमी पाहतो. तशा वाघिणीत पिण्याचे पाणी भरायचे म्हणजे आत उतरून कानाकोपरा स्वच्छ करणे आले. ज्या हातांनी ते केले, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नाहीत.

पहिली गाडी 12 एप्रिल 2016 रोजी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची. पावसाळा स्थिरावेपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

आता हिशेब पाहा. लातूरची वस्ती पाच लाखांच्या घरातली. म्हणजे पहिल्या गाडीतून माणशी एक लिटर आणि पन्नास वाघिणींच्या गाडीतून माणशी पाच लिटर. आपल्या घरची एक बादली त्याहून मोठी असते. सुमारे 340 किलोमीटर अंतर, इंजिन, पंप, नळ, रात्रीचा दिवस करणारी माणसे, एवढे सगळे राबले तेव्हा माणशी अर्धी बादली मिळाली. जलदूत मोठे काम होते यात शंका नाही. पण नळाला ते पर्याय नव्हते.

आणि गाडी स्टेशनात आली म्हणजे पाणी घरात आले असे नाही. लातूरला वाघिणीतले पाणी आधी स्टेशनजवळच्या विहिरीत सोडायचे, तेथून ते शुद्धीकरणाला जायचे, मग टँकरने वस्तीत. रेल्वेचे काम फलाटापाशी संपले, पुढचे महानगरपालिकेचे. कोणत्या वॉर्डात कधी टँकर, अरुंद गल्लीत काय करायचे, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या हंड्यात पाणी कोण ओतणार, हे प्रश्न दिल्लीहून सुटत नाहीत. ते गावातच सोडवावे लागतात.

मिरजकरांचेही कौतुक केले पाहिजे. त्यांच्याच सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके आहेत. तरी कृष्णेचे पाणी लातूरला गेले. मिरज ते लातूर सलग ब्रॉडगेज त्याआधी काहीच वर्षे झाली होती. बार्शी लाइटची जुनी छोटी गाडीच असती, तर या वाघिणी तिथे पोचल्याच नसत्या. सांगायचे इतकेच की संकटात उपयोगी पडते ते आधी करून ठेवलेले काम.

आपण म्हणाल, आमच्याजवळ नर्मदामैया आहे, आम्हाला कसली चिंता? पण चेन्नई तर समुद्राकाठचे महानगर. तिथेही जुलै 2019 मध्ये जोलारपेट्टईहून पाण्याची गाडी न्यावी लागली. आपल्या जबलपूरला एकेकाळी बावन्न तालांचे शहर म्हणत. चेरीतालसारखी नावे उरली, पाण्याच्या जागी घरे उभी राहिली.

नदी जवळ असणे वेगळे आणि शेवटच्या घरच्या नळाला पाणी येणे वेगळे. पाणी सुटले की काही घरी टुल्लू पंप थेट लाइनला लावतात. त्याने पुढच्या घरांचा दाब जातो. शिवाय पाइपात ओढ निर्माण होऊन गळक्या जोडातून नालीचे पाणी आत येते. ते पाणी पंपवाल्याच्याही घरी जाते! ज्याच्याकडे बोअर आहे त्याचे भागते. भाड्याच्या खोलीत राहणारी, मजुरी करणारी कुटुंबे लाइनच्या टोकाला असतात. त्यांची बाई कामाचा खाडा करून नळापाशी बसते.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, पंप लाइनला नको. आधी पाणी हौदात घ्या आणि हौदातून वर चढवा. दुसरी, गळती दिसली की नगर परिषदेत लेखी तक्रार द्या आणि पावती घ्या. तोंडी तक्रारीला आठवण नसते. काम झाले नाही तर 181 क्रमांकाची सी. एम. हेल्पलाइन आहे. नगर परिषदेला दोष देणे सोपे आहे, पण कुठे फुटले ते तिला आपणच सांगायचे असते. तिसरी, दर उन्हाळ्याआधी आपल्या तरुणांनी लाइनच्या टोकाची घरे हिंडून यावीत. कोणाकडे पाणी येत नाही, कोण एकटे आहे, कोण आजारी आहे, याची यादी करावी आणि ती नगरसेवकांच्या हाती द्यावी. टँकर आलाच तर तो आधी कुठे जावा हे त्या यादीवरून ठरेल.

आपण नोकरीनिमित्त इथे आलो आणि इथलेच झालो. दहा दिवस आपण मराठी म्हणून एकत्र येतो. उरलेले दिवस शहपुऱ्याचे रहिवासी म्हणूनही एकत्र येऊ या. यादीत मराठी घरे किती हे मोजायचे नाही, कोरडे नळ किती हे मोजायचे.



गणपती बाप्पा मोरया!