पैशाची पंगत

दुपारचा एक वाजण्याच्या सुमारास कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटचे रूप पालटू लागते. सकाळपासून पुस्तकांच्या ठेल्यांभोवती घोटाळणारी गर्दी विरळ होते. विश्वविद्यालयाच्या फाटकातून मुलामुलींचे घोळके बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पांगतात. या रस्त्याच्या काही शे पावलांच्या परिसरात केवढी विद्या नांदते आहे! १८१७ साली हिंदू कॉलेज म्हणून जन्मलेले आणि पुढे प्रेसिडेन्सी म्हणून प्रसिद्धीस आलेले विद्यालय, १८२४ चे संस्कृत कॉलेज, १८३५ चे मेडिकल कॉलेज आणि १८५७ चे कोलकाता विश्वविद्यालय, ही सारी येथे शेजारी शेजारी उभी आहेत. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९१७ पासून १९३६ पर्यंत याच विश्वविद्यालयात प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यापन केले. परंतु विद्येच्या या पेठेत उभ्या असलेल्या तरुणाला रोज दुपारी जो प्रश्न पडतो, तो विद्येचा नसतो. हातातल्या पैशांत पोट कसे भरावे, एवढाच तो प्रश्न असतो.

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत ती पुष्कळदा उलटी होते. त्याचा विठोबा सकाळी दहाला हजेरी मागतो; पोटोबाने मात्र थांबावे, अशी अपेक्षा असते. सियालदह स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या लोकल गाड्या पाहाव्यात. बनगाव, राणाघाट, कॅनिंग अशा दूरच्या गावांहून येणारे विद्यार्थी त्यांतून उतरतात. घर सोडताना आईने वाटीभर मुरमुरे आणि चहा पुढे केलेला असतो. भात शिजेपर्यंत थांबले, तर गाडी चुकते. परतीच्या गाडीने घर गाठीपर्यंत रात्र होते. अशा मुलाच्या दिवसातले खरे जेवण म्हणजे दुपारचेच, आणि ते नेमके घरापासून दूर, विकत घेऊन करावयाचे. एका दिवशी चुकलेले जेवण कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण आठवड्यातून तीनदा ते चुकू लागले, की तिसऱ्या तासाला मुलाचे डोळे पुस्तकावर ठरत नाहीत. परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर हे कारण कधी छापले जात नाही.

खाण्याच्या जागा या भागात थोड्या आहेत, असे मात्र कोणी म्हणणार नाही. अल्बर्ट हॉलमधले कॉफी हाउस तर साऱ्या देशात विख्यात आहे. कॉफी बोर्डाने १९४२ साली ते उघडले आणि पुढे कामगारांच्या सहकारी संस्थेने ते चालविले. तेथे एका पेल्यावर दोन तास बसता येते, कवितेवर आणि राजकारणावर भांडता येते. फक्त जेवण होत नाही. गोलदिघीच्या काठी १९१८ पासूनचे ‘पॅरामाउंट’ आहे. तेथल्या शहाळ्याच्या सरबताची कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचविली, असे सांगतात. त्याच वर्षीच्या ‘दिलखुशा केबिन’मध्ये अंड्याच्या जाळीदार आवरणातले कविराजी कटलेट मिळते. ‘पुटीराम’च्या दुकानी कचोरी आणि हरभऱ्याच्या डाळीसाठी गर्दी लोटते. पदपथावर वाटाण्याची घुगनी आहे, झालमुडी आहे, तळलेली भजी आहेत. यांतली प्रत्येक गोष्ट रुचकर आहे. परंतु कटलेट म्हणजे सणाचा खर्च झाला आणि झालमुडी म्हणजे भुकेशी केलेली तासाभराची तडजोड. कष्टाळू माणसाला रोज दुपारी हवा असतो तो भात, आणि त्याच्या जोडीला काहीतरी ओले, काहीतरी खमंग. या गरजेतून कोलकात्यात एक खास संस्था निर्माण झाली. तिचे नाव ‘पाइस हॉटेल’.

या नावात इंग्रजी अमदानीतला आपला साधा पैसा दडलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत असत. त्या पैशांत जेवण देणारे ते पाइस हॉटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी कचेऱ्या आणि कॉलेजे यांसाठी गावोगावचे एकटे पुरुष कोलकात्यात येऊन राहू लागले. कोणी मेसमध्ये, कोणी भाड्याच्या खोलीत. घर मागे राहिले होते आणि चूल मांडावयास ना जागा होती, ना सवड. त्यांच्यासाठी ही भोजनगृहे निघाली. त्यांतली काही ओडिशातून आलेल्या आचाऱ्यांनी काढली. प्रेसिडेन्सीजवळच्या भवानी दत्त लेनमधले ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ हे त्यांपैकीच एक. विद्यार्थिदशेतले सुभाषचंद्र बोस येथे पुईशाकाच्या, म्हणजे आपल्या मायाळूच्या भाजीसाठी येत, अशी आठवण तेथे अभिमानाने सांगितली जाते. पूर्वी नुसते ‘हिंदू हॉटेल’ असलेल्या या खाणावळीच्या नावाला ‘स्वाधीन भारत’ ही जोड स्वातंत्र्यानंतर मिळाली.

पाइस हॉटेलची रीत समजून घेण्यासारखी आहे. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात आणि प्रत्येकापुढे त्याची किंमत. वाढपी येतो, एका दमात सारी यादी म्हणून दाखवितो. संगमरवरी किंवा लाकडी मेजावर अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. भात आणि डाळ येते आणि मग ज्याने त्याने आपला हात पाहून पुढचे मागवावे. भातही पुन्हा घेतला तर त्याचे निराळे पैसे. काही ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा दाम वेगळे लावतात. परमुलखातल्या पाहुण्याला हा कंजूषपणा वाटतो. वस्तुतः गरिबाची सोय याच हिशेबात आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोहू मागविणारा मुलगा शेवटच्या आठवड्यात डाळभात आणि बटाट्याची चटकदार कालवण एवढ्यावर उठू शकतो. जेवण आखूड झाले, तरी जागा तीच राहते आणि शेजारीही तोच राहतो. ठराविक दराच्या थाळीत ही मुभा नसते. तेथे संपूर्ण दाम मोजावे, नाही तर दाराबाहेर राहावे.

आणि हा भात म्हणजे केवळ पोटाची भर नव्हे. बंगाली जेवणाला एक क्रम आहे. आरंभी कडू, कारल्याची चव असलेले शुक्तो. मग डाळ आणि तिच्याबरोबर काही तळलेले. नंतर केळफुलाची किंवा पालेभाजीची पाळी. त्यामागून मासा, पावसाळ्यात ज्याच्या खिशाला झेपेल त्याला हिलसा. शेवटी आंबटगोड चटणी. गावाकडच्या घरी आई ज्या क्रमाने वाढते, तोच क्रम परक्या शहरातल्या या बाकावर जपला जातो. रोजचा बाजार रोज करावयाचा, शिळे उरू द्यावयाचे नाही, जेवणारा वीस मिनिटांत उठला पाहिजे, या तीन नियमांवर या खाणावळीचा संसार चालतो. भाव खाली राहतो तो पदार्थ हलका असल्यामुळे नव्हे, तर बाक क्षणभरही रिकामा राहत नसल्यामुळे.

परंतु जेवणाची स्वस्ताई हा प्रश्नाचा एक भाग झाला. जेवताना शेजारी कोण बसणार, हा दुसरा भाग, आणि तो या रस्त्यावर एके काळी फार बोचरा होता. १९११ साली ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचा मुलगा प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. तो ईडन हिंदू होस्टेलमध्ये राहू लागला, तेव्हा त्याच्या जातीमुळे काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याच भोजनगृहात त्याच्या जेवण्यास हरकत घेतली. त्या मुलाचे नाव मेघनाद साहा. १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा करणारे त्याचे समीकरण प्रसिद्ध झाले, ते साऱ्या जगाने स्वीकारले आणि १९३८ मध्ये तो त्याच विश्वविद्यालयात पालित प्राध्यापक होऊन आला. एवढ्या बुद्धिमान मुलालाही शिकत असता कोणाच्या पंगतीला बसावे, याची चिंता करावी लागली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे दुःख परके वाटू नये. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कष्टांच्या कथा घरोघर ऐकवल्या जातात, आणि त्यांतून थोर माणसे घडली हे खरेच आहे. परंतु ते वार आणि ती माधुकरी जातीच्या उंबरठ्याआतली होती. ज्याला तो उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याच्या जेवणाची सोय कोणी करावी? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना हात दिला. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. विद्येच्या इतिहासात ग्रंथालयांइतकीच स्वयंपाकघरांची नोंद व्हावयास हवी, ती यासाठी.

या प्रकाशात पाइस हॉटेलकडे पाहिले, म्हणजे त्याचे मोल कळते. त्याच्या नावात ‘हिंदू’ हा शब्द आहे, तो जुन्या सोवळ्याची खूण आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण वसतिगृहाची पंगत जे सहजासहजी करू शकली नाही, ते गल्ल्यावरच्या पैशाने हळूहळू केले. एकच्या गर्दीत जी जागा मिळेल तेथे बसावे लागते, आणि शेजाऱ्याची जात विचारीत बसले तर भात निवतो. पैसा सुधारक नव्हे. तरी या बाकापुरते त्याने सुधारकाचे काम केले. आज मुलीही या बाकांवर बसून जेवतात.

बंगालमध्ये भाताची किंमत कोणाला शिकवावी लागत नाही. १९४३ च्या दुष्काळात याच शहराच्या रस्त्यांवर माणसे पेज मागत मरण पावली. १९५९ आणि १९६६ या वर्षी अन्नासाठी मोठी आंदोलने झाली आणि त्यांत विद्यार्थी पुढे होते. अलीकडचा घाव वेगळा होता. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे कॉलेजे बंद झाली, ती १६ नोव्हेंबर २०२१ रोजी उघडली. विद्यार्थी नाहीत, तर विद्यार्थ्यांच्या खाणावळीत कोण येणार? त्यांची खरी पुंजी रोजचे गिऱ्हाईक हीच. ती आटली, की शंभर वर्षांची कीर्ती एका दुपारची चूल पेटवू शकत नाही.

सरकारनेही या प्रश्नाला हात घातला आहे. पश्चिम बंगालमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून ‘माँ’ उपाहारगृहांतून पाच रुपयांत भात, डाळ, भाजी आणि अंडे मिळू लागले. त्यापूर्वी २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली होती. भुकेल्याला असे अन्न मोलाचेच. तरी ते रांगेत उभे राहून घ्यावयाचे आणि जे असेल ते घ्यावयाचे. मायाळू की केळफूल हे ठरविण्याची संधी लहान वाटते. परंतु ज्याला दिवसभरात दुसरे काहीच ठरविता येत नाही, त्याच्या लेखी ती लहान नसते.

दोन्ही व्यवस्था हव्यात. पण कौतुकाने एकदा येऊन छायाचित्र काढून जाणाऱ्या प्रवाशांवर पाइस हॉटेल जगणार नाही. मासे, तांदूळ, इंधन यांचे भाव चढत असताना त्याने दर वाढविले, तर मूळचा विद्यार्थीच बाहेर पडतो. न वाढविले, तर चूल विझते. या कोंडीतून वाट काढण्याचे काम एकट्या खाणावळवाल्याचे नाही. विद्यालयांनी आपल्या परिसरातील अशा भोजनगृहांकडे ग्रंथालयाच्या नजरेने पाहिले, गरजू विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीत दुपारच्या भाताचा हिशेब धरला, तर ते अशक्य नाही.

पावणेदोनला गल्ली पुन्हा ओस पडू लागते. बनगावच्या गाडीने आलेला मुलगा पान दुमडतो, हात धुतो, गल्ल्यावर मोजके पैसे ठेवतो. वाढप्याने जे जे वाढले, ते त्याने मोठ्याने सांगितलेले असते आणि हिशेब झालेला असतो. उधारी नाही, उपकार नाही. पुस्तके काखेत मारून तो विश्वविद्यालयाच्या फाटकाकडे वळतो. दोनचा तास सुरू व्हावयाचा आहे, आणि आज त्याचे लक्ष व्याख्यानात राहील.